वाफेचा हत्ती आणि प्लॅस्टिकची वीट

गेल्या दिवाळीत बहिणीच्या अंगणात दोन बांधकामे शेजारी शेजारी उभी होती. एक नेहमीचे : दगड, माती आणि पोती यांतून उभारलेला, अळिवाची हिरवळ उगवलेला किल्ला. दुसरे नवे होते. माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने लेगोच्या ठोकळ्यांतून एक हत्ती केला होता. त्याच्या पोटात बॉयलर होता, गुडघ्यांच्या जागी दातेरी चाके होती, पाठीवर कठड्याची खोली होती आणि सोंडेच्या टोकाला वाफ म्हणून कापसाचा बोळा अडकवला होता. "मामा, हे स्टीमपंक आहे," त्याने मला समजावून सांगितले.

किल्ला रचताना त्याने चार वेळा तरी विचारले होते, "हा बुरूज खरा इथेच होता का?" हत्ती रचताना त्याने असा प्रश्न एकदाही विचारला नाही. कारण उघड आहे. राजगड होता, आहे. वाफेचा हत्ती कधी नव्हताच. जे नव्हते त्याच्या प्रतिकृतीला खरेखोटे कसे विचारायचे? हा प्रश्न मनात घर करून बसला. ठोकळ्यांची स्टीमपंक मॉडेल्स हा जगभरच्या हौशी मंडळींचा एक बहरलेला छंद आहे. त्याचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा जे कधी घडलेच नाही त्यालाही इतिहासाचे प्रश्न विचारता येतात, किंबहुना विचारलेच पाहिजेत, असे वाटू लागले. हा लेख त्या विचाराची मांडणी आहे.

शब्द आणि त्यामागचा 'जर'

स्टीमपंक हा शब्द तसा अलीकडचा. एप्रिल १९८७ मध्ये 'लोकस' या अमेरिकी नियतकालिकात के. डब्ल्यू. जीटर या कादंबरीकाराचे एक पत्र प्रसिद्ध झाले. जीटर, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे तिघे मित्र व्हिक्टोरियन काळात घडणाऱ्या अद्भुतकथा लिहीत होते. या लेखनाला काही नाव हवे, म्हणून त्या दिवसांत गाजत असलेल्या 'सायबरपंक'च्या धर्तीवर जीटर यांनी अर्ध्या थट्टेने हा शब्द सुचवला. थट्टा विरून गेली, शब्द मात्र टिकला. १९९० मध्ये विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची 'द डिफरन्स इंजिन' ही कादंबरी आली आणि या प्रकाराला त्याचा मध्यवर्ती प्रश्न मिळाला : चार्ल्स बॅबेजचे गणनयंत्र पूर्ण झाले असते तर? त्या कादंबरीतल्या १८५५ च्या इंग्लंडमध्ये यांत्रिक संगणक राज्यकारभार चालवतात आणि कवी बायरन पंतप्रधान असतो.

स्टीमपंकचे सगळे साहित्य आणि सगळी मॉडेल्स अशा एखाद्या 'जर'वर उभी असतात. पितळ, रिव्हेटी, दाबमापकाच्या तबकड्या, गॉगल, उंच टोप्या हा त्याचा बाह्य साज झाला. गाभा आहे तो न झालेल्या गोष्टीला झालेली मानण्याचा. म्हणून पहिला विचार बॅबेजच्या 'जर'चा करू.

अपुरे यंत्र

बॅबेज (१७९१–१८७१) याच्या काळात नौकानयन, खगोलशास्त्र, विमा यांसाठी गणिती कोष्टके माणसे हाताने तयार करत. गणनेत चुका होत, नकलेत होत, खिळे जुळवताना छापखान्यात होत. समुद्रावर अशी एक चूक जहाज खडकावर नेऊ शकते. बॅबेजने योजलेल्या यंत्राचे तत्त्व शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. १, ४, ९, १६, २५ ही वर्गांची मालिका घ्या. लगतच्या संख्यांमधले फरक ३, ५, ७, ९. आणि या फरकांमधला फरक दर वेळी २. म्हणजे सुरुवातीच्या थोड्या संख्या चाकांवर मांडून ठेवल्या, तर पुढचा प्रत्येक वर्ग नुसत्या बेरजेने निघतो. गुणाकाराची गरजच उरत नाही. आणि बेरीज करणे दातेरी चाकाला जमते.

१८२२ मध्ये बॅबेजने छोटे मॉडेल करून दाखवले. १८२३ पासून सरकारने पैसा दिला. योजलेल्या यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. १८३२ मध्ये जोसेफ क्लेमेंट या कसबी कारागिराने त्याचा सुमारे २,००० भागांचा एक तुकडा जोडून दाखवला, आणि तो चालला. पुढच्याच वर्षी दोघांचे बिनसले. १८४२ मध्ये सरकारने हात झटकले तोवर १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती. त्यानंतरच्या पिढ्यांनी एक सोयीस्कर निष्कर्ष काढला : बॅबेज काळाच्या पुढे होता, त्या काळचे कारखाने एवढे अचूक भाग घडवूच शकत नव्हते.

हा निष्कर्ष एका प्रतिकृतीने खोडून काढला. बॅबेजने १८४७ ते १८४९ या काळात दुसऱ्या, अधिक सुटसुटीत यंत्राचे आराखडे काढून ठेवले होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने डोरन स्वेड यांच्या पुढाकाराने त्यावरून यंत्र उभारायला घेतले. भाग आधुनिक यंत्रांवर घडवले, पण अचूकता एकोणिसाव्या शतकाला साधली असती तेवढीच ठेवली. १९९१ मध्ये, बॅबेजच्या द्विजन्मशताब्दीच्या वर्षी, गणनेचा भाग पूर्ण झाला आणि त्याने बरोबर उत्तरे दिली. २००२ मध्ये छपाईची जोड मिळून सुमारे ८,००० भागांचे, पाच टनांचे यंत्र पुरे झाले. याचा अर्थ, अडचण पितळाची नव्हती; ती पैसा, स्वभाव, राजकारण आणि व्यवस्थापन यांची होती. गिब्सन आणि स्टर्लिंग यांच्या कादंबरीनंतर एकाच वर्षाने त्यांचा 'जर' संग्रहालयात हाताने फिरवण्याजोगा झाला होता. न घडलेल्या गोष्टीची प्रतिकृती घडलेल्या इतिहासाविषयीचा समज बदलू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

खेळण्यातली गणिते

खेळण्यांनी या वाटेवर बरेच आधी पाऊल ठेवले होते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी याने १९०१ मध्ये भोकांच्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या खेळाचे पेटंट घेतले. १९०७ पासून तो 'मेकॅनो' या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्याकडेही एका पिढीचे बालपण या नावाशी जोडलेले आहे. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी याच मेकॅनोच्या भागांतून विकलक समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले. खर्च सुमारे २० पौंड. अमेरिकेत व्हॅनेव्हर बुश यांनी केलेल्या अवाढव्य यंत्राचे तत्त्व खेळण्यात उतरते का, एवढेच त्यांना पाहायचे होते. पण ते इतके चांगले उतरले की अणुरचनेच्या खऱ्या संशोधनासाठी त्याचा उपयोग झाला.

लेगोचा जन्म डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराच्या कामठ्यात झाला. ओले कर्क क्रिस्टियनसेन यांनी १९३२ मध्ये, मंदीच्या दिवसांत, लाकडी खेळणी करायला घेतली. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये लेगो हे नाव आले. १९४९ पासून प्लॅस्टिकच्या विटा निघू लागल्या. त्यांची कल्पना इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांच्या खेळण्यावरून घेतलेली होती. या विटा एकमेकींवर बसत, पण पकड ढिली असे. २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केलेल्या रचनेत विटेच्या पोटात पोकळ नळ्या आल्या, वरचे गोल उंचवटे त्यांत घट्ट बसू लागले, आणि आज आपण ओळखतो ती वीट तयार झाली. १९७७ मध्ये दातेरी चाके, दांडे आणि भोकांच्या पट्ट्या असलेले तांत्रिक संच आले, तेव्हा मेकॅनोचे काम विटांच्या कुळातही होऊ लागले.

अँड्र्यू कॅरल या अमेरिकी संगणक-अभियंत्याने या तांत्रिक भागांतून बॅबेजच्या तत्त्वावर चालणारे यंत्र बांधले. दांडा फिरवला की ते तीन-चार अंकी उत्तरे काढते. २०१० मध्ये त्याने अँटिकिथेरा यंत्राचे काम करणारे यंत्रही ठोकळ्यांतून उभे केले. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजात सापडलेले मूळ यंत्र दोन हजार वर्षांपूर्वीचे. ग्रहणांचे भाकीत करणे हे त्याचे एक काम. कॅरलच्या यंत्राने ८ एप्रिल २०२४ चे सूर्यग्रहण दाखवले होते. ते ग्रहण त्या दिवशी झाले.

येथे एक धागा लक्षात घेण्याजोगा आहे. क्लेमेंटच्या कारखान्यात बॅबेजच्या यंत्रावर काम करणाऱ्यांपैकी एक तरुण म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. कुठल्याही कारखान्याचा स्क्रू कुठल्याही नटात बसावा म्हणून १८४१ मध्ये त्याने आट्यांचे प्रमाणित माप सुचवले, आणि पुढे इंग्लंडने ते स्वीकारले. एकसारखे, अदलाबदल करता येणारे हजारो भाग ही बॅबेजच्या यंत्राची गरज होती. १९५८ ची वीट आजच्या विटेवर अचूक बसते, हे त्याच गरजेचे दूरचे फळ आहे. म्हणून ठोकळ्यांतले गणनयंत्र ही केवळ गंमत नव्हे. ज्या गोष्टीअभावी बॅबेज रडतखडत राहिला, ती आज पोराच्या खेळण्याच्या डब्यात पसाभर मिळते.

पितळेचे सोंग

कॅरलचे यंत्र करडे, काळे, अनाकर्षक दिसते. ते चालते, एवढेच त्याचे म्हणणे. ठोकळ्यांच्या स्टीमपंकचा मोठा प्रवाह मात्र याच्या उलट आहे. तिथे यंत्र चालावे लागत नाही. ते जुने आणि चालण्याजोगे *दिसावे* लागते. तपकिरी, काळसर तांबडा आणि मोतिया सोनेरी हे तिथले रंग. समुद्रचाच्यांच्या संचातले पिंप बॉयलर होते, दुर्बीण धुराडे होते, गाडीचे चाक गतिचक्र होते, नळाची तोटी वाफेचा झडपकोंडा होते. एका अर्थासाठी घडवलेली वस्तू दुसऱ्या अर्थाने वापरण्याची ही कला साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. लक्षणा याहून फारशी वेगळी नसते.

परंतु या सोंगात एक विसंगती आहे. ही मॉडेल्स हाताने ठोकलेल्या पितळेचा, एकेका कारागिराच्या कसबाचा गौरव करतात. आणि ती घडतात जगातल्या सर्वांत प्रमाणित, साच्यातून कोट्यवधींनी निघणाऱ्या वस्तूतून. वीट वाफेच्या युगाचे रूप घेते. त्याचा भार, उष्णता, काजळी घेत नाही. तिच्या बॉयलरला कोळसा लागत नाही, म्हणून आगवालाही लागत नाही. आणि प्रत्यक्षातली वाफ कशी होती? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे आपण उत्साहाने सांगतो. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून तो लोहमार्ग वर नेताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, हे क्वचितच सांगतो. खेळण्याने धूर दाखवावा अशी अपेक्षा नाही. पण ज्या काळाचे स्वप्न आपण रचतो आहोत त्यातले कोण गाळले गेले, हे मोठ्यांनी तरी विचारावे.

गाय हिम्बर यांचे 'स्टीमपंक लेगो' (२०१४) हे देखणे पुस्तक या छंदाचा जणू दरबारी ग्रंथ आहे. जगभरच्या कल्पक मंडळींची मॉडेल्स त्यात आहेत. आणि त्यांना गुंफणारे कथासूत्र असे, की सर हर्बर्ट जॉब्सन नावाचा एक काल्पनिक साहेब देशोदेशी फिरून अद्भुत यंत्रांचा वृत्तांत व्हिक्टोरिया राणीला पत्रांतून कळवतो. थट्टेचा सूर स्पष्ट आहे. तरीही एक निवड त्यात होऊन गेली आहे. इतिहासातले वाटेल ते बदलण्याची मुभा असताना यंत्रे बदलली, राणी मात्र जागची हलली नाही.

औरंगाबादच्या भिंतीवरून

आता भाच्याच्या हत्तीकडे वळू. त्याने तो कुठल्याशा चित्रावरून केला होता. त्या चित्राचे मूळ त्याला माहीत नव्हते. यांत्रिक हत्ती स्टीमपंक मंडळींचा लाडका प्राणी आहे. फ्रान्समधल्या नान्त शहरात २००७ पासून बारा मीटर उंचीचा एक हत्ती प्रवाशांना पाठीवर घेऊन चालतो. नान्त हे ज्यूल व्हर्नचे जन्मगाव, आणि वाफेच्या हत्तीची गाजलेली कथा व्हर्नचीच. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना व्हर्नची गोडी लावली. त्याच्या 'ऐंशी दिवसांत जगप्रवास' या कथेत (१८७३) मुंबईहून निघालेली आगगाडी अर्ध्या वाटेत थांबते, कारण पुढे रूळच नसतात. तेव्हा फिलिअस फॉग २,००० पौंडांना हत्ती विकत घेतो. सात वर्षांनी, १८८० मध्ये, व्हर्नने 'वाफेचे घर' ही कादंबरी लिहिली आणि हत्ती व इंजिन एकत्र करून टाकले. भूतानच्या राजासाठी घडवलेला हा पोलादी हत्ती सोंडेतून धूर सोडत, दोन चाकांची घरे ओढत, १८६७ चा हिंदुस्थान पालथा घालतो.

ही कादंबरी सुरू होते ती औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तिथल्या भिंतींवर जाहीरनामा लागलेला असतो : धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब पेशवे यांना जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास २,००० पौंड. फॉगच्या हत्तीची किंमत आणि पेशव्याच्या शिराची किंमत एकच, हा योगायोगच म्हणायचा! पुढचा एक प्रसंग वेरूळच्या लेण्यांत घडतो. हत्तीवरून प्रवास करणाऱ्यांतला कर्नल मन्रो कानपूरच्या कत्तलीत पत्नी गमावल्याच्या समजुतीने सूडासाठी नानासाहेबाच्या मागावर असतो. व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नाही. फ्रेंच असल्यामुळे इंग्रजांनी उगवलेल्या सूडाचाही तो उल्लेख करतो. पण कथेचा शेवट कोणाच्या बाजूने होतो? नानासाहेबाला त्या हत्तीलाच बांधले जाते आणि बॉयलरच्या स्फोटात हत्ती कैद्यासकट नष्ट होतो. प्रत्यक्ष इतिहासात नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले, आणि त्यांचा शेवट आजही अनिश्चित आहे. व्हर्नने त्या रिकाम्या जागेत वाफेचे यंत्र उभे करून तिचा निकाल लावून टाकला.

याच सुमारास, १८८३ मध्ये, वरसईचे विष्णुभट गोडसे 'माझा प्रवास' लिहीत होते. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेलेला आणि सत्तावनच्या वणव्यात सापडलेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात होता. त्याच्या प्रवासात वाफेचे घर नाही. पायपीट आहे, भूक आहे, लूट आहे. ते पुस्तक १९०७ मध्ये छापून आले. 'वाफेचे घर' आणि 'माझा प्रवास' एका मागोमाग एक वाचावीत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. एकच भूमी एकीत खिडकीतून दिसते आणि दुसऱ्यात तळपायांना लागते.

व्हर्नचे दुसरे यंत्र याहून बोलके आहे. 'नॉटिलस' ही पाणबुडी ठोकळ्यांच्या स्टीमपंकमध्ये असंख्य वेळा बांधली गेली. मूळ कादंबरीत ती वाफेवर चालत नाही, विजेवर चालते. आणि तिचा कर्ता कॅप्टन नेमो कोण, हे 'रहस्यमय बेट' (१८७४–७५) या पुढच्या कादंबरीत उघड होते : बुंदेलखंडचा राजपुत्र दाकार, टिपू सुलतानाचा भाचा, सत्तावनच्या उठावात लढून सर्वस्व गमावलेला. म्हणजे वाफयुगाच्या कल्पनासृष्टीतले सर्वांत विख्यात यंत्र एका पराभूत हिंदी बंडखोराने साम्राज्याविरुद्ध घडवलेले आहे. १९५४ च्या डिस्ने चित्रपटात हार्पर गॉफ यांनी नॉटिलसला रिव्हेटींनी मढवलेल्या लोखंडी जलचराचे रूप दिले. त्या चित्रपटातल्या नेमोचे हिंदीपण मात्र पुसले गेले होते. बहुतेक मॉडेल्स पुस्तकावरून नव्हे, त्या चित्रपटावरून होतात. रिव्हेटी तेवढ्या उरल्या, दाकार गेला.

येथे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. वाफेचा हत्ती खरा होता का, हा प्रश्न फोल आहे. पण त्याच्या पाठीवर कोण बसले आहे, त्याला कोण बांधलेले आहे, कोळसा कोण टाकतो आहे, हे प्रश्न फोल नाहीत. कल्पनेतला 'जर' मोकळा असतो असे आपण मानतो; पण तोही कोणीतरी, कुठेतरी उभे राहून निवडलेला असतो. लंडनच्या संग्रहालयाने बॅबेजचा 'जर' निवडला आणि त्याला कसाला लावले. दाकारचा 'जर' व्हर्नने दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. तो बांधणारे हात अजून थोडे आहेत. विटेची हरकत नाही. सहा साध्या विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारांनी जोडता येतात, हे गणितज्ञांनी मोजून दाखवले आहे.

त्या संध्याकाळी मी भाच्याला ही सारी कथा सांगितली. नानासाहेबाचा शेवट ऐकून तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मामा, माझ्या हत्तीवर साहेब नाहीचेत." मी वाकून पाहिले. साहेबांच्या बाहुल्या त्याच्यापाशी नव्हत्या. कठड्याच्या खोलीत ठोकळ्यांच्या मापात न बसणारे, डोके छताला लागलेले, किल्ल्यावरून उचलून आणलेले दोन मातीचे मावळे दाटीवाटीने बसवलेले होते.